एका कोटात दोन पक्ष

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो, आणि काळा म्हणतो तो निव्वळ सवयीने. कोपरांवर मी करडा झालो आहे, कॉलरवर हिरवट, आणि पाठीवर कोणता रंग उरला आहे ते मला दिसत नसल्यामुळे त्याबद्दल शपथेवर काही सांगत नाही. बाकी सांगेन ते खरं. कुठे थोडं फुगलेलं वाटलं तर समजून घ्या. माझं मापच मुळात ढगळ आहे.

कारण माझे पहिले मालक नामांकित वकील होते आणि देहाने असे ऐसपैस, की शिंप्याने टेपचं एक टोक बायकोच्या हाती दिलं, दुसरं घेऊन तो मालकांना वळसा घालायला निघाला आणि परत आला तेव्हा बायको म्हणाली, बरा वेळ लागला. मालक बोलायला उभे राहिले की न्यायाधीशांचा चहा निवायचा. एकदा तर भिंतीवरच्या पालीला डुलकी लागली आणि ती कारकुनाच्या टेबलावर पडली. त्या काळी मला रोज ब्रश मिळे, आठवड्याला इस्त्री मिळे आणि लोक मला पाहून वाट सोडत. मालक गेले. त्यांच्या पत्नीने मला कपाटातून काढलं, थोडा वेळ छातीशी धरलं आणि कायद्याच्या कॉलेजच्या वसतिगृहाला देऊन टाकलं.

तिथे माझ्या नशिबी एक खिळा आला. दाराआडचा. ब्रश नाही, इस्त्री नाही. मुलं माझ्यावर ओले टॉवेल टाकत. पण परीक्षा आली की मला भाव यायचा. पहिल्या वर्षाला एक तोंडी परीक्षा असते. वर्गाचंच कोर्ट करतात, एक जण वादीकडून बोलतो, दुसरा प्रतिवादीकडून, आणि बोलणाऱ्याच्या अंगावर काळा कोट लागतो. स्वतःचा कोट फार थोड्यांकडे. मग वसतिगृहाने रीत पाडली. एकाचं बोलणं संपलं की त्याने मला उतरवायचं आणि समोरच्याने तिथल्या तिथे चढवायचं. वादीही मी, प्रतिवादीही मी. एकाच सकाळी एकच खटला मी जिंकलो आणि हरलो आहे. असा दुसरा वकील दाखवा. फक्त दुसऱ्याला मी कायम गरम आणि ओला मिळायचो. पहिल्याची भीती अंगावर घेऊनच त्याला बोलावं लागायचं.

आता ज्याची गोष्ट सांगायची आहे तो माझ्या खिळ्याच्याच खोलीत राहायचा, आणि त्याला सगळे आजोबा म्हणत. मिशी धड फुटली नव्हती, पण पहिल्याच वर्षात तो तिसऱ्यांदा बसला होता, म्हणून आजोबा. कॉलेजचा नियम असा, की तिसऱ्यांदाही नापास झाला तर नाव कायमचं कमी. लेखी पेपर त्याने कसेबसे दिले होते आणि आता सगळा भार तोंडी परीक्षेवर होता. त्याला लहानाचा मोठा केला होता त्याच्या ताईने. ती कोर्टात टायपिस्ट होती. दिवसभर वकिलांची निवेदनं टाइप करायची आणि रविवारी भावाला भेटायला यायची.

"या खेपेला नाही झालं तर रे?" असं तिने एका रविवारी विचारलं.

"तर तुझ्या शेजारी टाइप करायला बसेन."

"तिथेही परीक्षा घेतात," ताई म्हणाली, आणि दोघं हसली. मी खिळ्यावरून पाहत होतो. ते हसू मला आवडलं नाही.

ती गेल्यावर त्याने मला चढवलं. भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, कपाटातल्या शर्टांपुढे युक्तिवाद करू लागला. दात घासताना कलमं, जिना चढताना कलमं. जेवणाचं ताट समोर ठेवून तो भिंतीशी बोलायचा आणि ताट तसंच परत जायचं. कलमांच्या नादात माझं बटण भलत्याच काजात जाई आणि ते नीट लावायला त्याला खोलीतल्या सोबत्याची मदत लागे. त्या सोबत्याला भोंगा म्हणत. तो कानात कुजबुजला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

परीक्षेत दोघं एकमेकांसमोर आले. खटला असा: चेंडू आणायला एक मुलगा न विचारता शेजारच्या आवारात शिरतो, झाकण नसलेल्या टाकीत पडतो, पाय मोडतो. घरमालक जबाबदार की नाही? आजोबा मुलाकडून, भोंगा घरमालकाकडून. यावर जुना निकाल एकच आणि तो ग्रंथालयातल्या एकाच जाड खंडात. आजोबाने खंड उघडला तर निकालाची सुरुवातीची पानं गायब होती. त्याला वाटलं, उंदीर. उरलेलं त्याने वाचलं. "टाकी कुणाला विचारत नाही, की तू पाहुणा आहेस की आगंतुक," असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. वाचताना त्याचे डोळे भरले. त्याने ते अख्खं पाठ केलं.

परीक्षा घ्यायला निवृत्त न्यायाधीश मॅडम आल्या होत्या. आजोबा उभा राहिला आणि खरं सांगतो, माझे थोरले मालकही तसं बोलले नसतील. शेवटी तो म्हणाला, "आणि म्हणून न्यायालयाने घरमालकाला जबाबदार धरलं."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "न्यायाधीश तिघं होते. दोघांनी घरमालकाला सोडून दिलं. तू पाठ केलंस ते तिसऱ्याचं मत. तो एकटा पडला होता."

वर्ग हसला. माझ्या अस्तराला त्याच्या बरगड्या लागत होत्या, त्यांमागे काळीज असं धडधडत होतं, की माझं वरचं बटण हलायला लागलं. त्याने हातातला खंड मिटून टेबलावर ठेवला.

"मग मॅडम, तो एकटाच बरोबर होता."

"ते मला पटवून दे."

पाठ केलेलं संपलं होतं. मुलाला फक्त चेंडू दिसतो, एवढं तो बोलला. टाकीला झाकण लावायला कितीसा वेळ लागतो, एवढं बोलला. मग तो पुन्हा चेंडूवर आला. मॅडमनी खाली बसायला सांगितलं. त्याने मला उतरवलं, भोंग्याने चढवलं. माझ्या ओल्या बाह्यांत हात घालताना भोंगा शहारला.

त्याने दणक्यात सुरुवात केली. पण त्या दोघा न्यायाधीशांचं नेमकं वाक्य आठवेना. त्याने पँटच्या खिशातून घडी केलेली पानं काढली. मॅडमनी हात पुढे केला, पानं घेतली, टेबलावरच्या खंडाच्या फाटक्या कडेला लावून पाहिली. कड कडेला बसली.

"परत ठेवणारच होतो, मॅडम," भोंगा म्हणाला. त्याचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, इतका हळू. "सगळेच फाडतात. खंड एकच असतो, आणि दुसऱ्याने आधी वाचलं की संपलंच."

मॅडमनी आजोबाला सांगितलं, की तक्रार कर, तुला नवी तारीख देते आणि याचं नाव आजच कमी करायला लावते.

"तारीख हवी, मॅडम." आजोबाने श्वाससुद्धा घेतला नाही. "पण याला काढू नका. बाकीच्यांच्या जोड्या ठरल्या आहेत, याला काढलंत तर माझ्यासमोर कोण उभं राहणार? विरुद्ध पक्षाशिवाय सुनावणी कसली? मग कॉलेज म्हणेल, पुढच्या वर्षी या. मला पुढचं वर्ष नाहीये."

मित्रांनो, ही क्षमा नव्हती. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, त्याने वैऱ्याला धरलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, हा तुझा आजचा पहिला मुद्दा, जो कुणाच्या निकालात नाही.

भोंग्याला त्या परीक्षेत शून्य मिळालं. शिवाय, ग्रंथालयातल्या ज्या ज्या खंडाची पानं मुलांकडून परत येतील ती त्याने चिकटवायची, आणि नव्या तारखेला गुण मिळणार नसले तरी समोर उभं राहायचं.

तो उभा राहिला. या वेळी आजोबानेच आधी सांगितलं, की दोन न्यायाधीश माझ्या विरुद्ध आहेत, आणि मग ते कुठे चुकले ते सांगायला लागला. भोंग्याने त्याला तसूभर सूट दिली नाही. मॅडम एकाला प्रश्न विचारत, मग दुसऱ्याला, आणि मी या अंगावरून त्या अंगावर असा पळत होतो, की कोण कुणाचा पक्ष मांडतो आहे ते मलाही कळेना. त्या धावपळीत माझा उजवा खांदा फर्रकन उसवला.

निकाल लागला त्या दिवशी ताई आली. तिने फळ्यावरच्या कागदावर बोट फिरवलं, थांबली, पुन्हा वरपासून फिरवलं. दिवसभर अक्षरंच टाइप करणारी बाई, पण तिला आकडा वाचवेना. शेजारी भोंगा उभा होता. त्याचा स्वतःचा क्रमांक त्या कागदावर नव्हता. ताई त्याला म्हणाली, "तू वाच रे बाळा."

त्याने आजोबाचा क्रमांक वाचला. असा वाचला, की जिन्यातली कबुतरं उडाली ती दुसऱ्या दिवशी परतली.

मित्रांनो, पान फाडताना क्षणभर थांबा. तुमच्या मागून जो येतो, त्याला उरलेलं अर्धंच पूर्ण वाटतं आणि तो त्याच्यावर आपलं सगळं आयुष्य टेकवून उभा राहतो. आणि कुणाला जमलं तर माझ्या खांद्याला दोन टाके घाला. मी अजून त्याच खिळ्यावर आहे. परीक्षा पुन्हा जवळ आली आहे. कुणीतरी मला चढवेल, आणि त्या बिचाऱ्याला हात वर करून बोलायचं असेल.