दुहेरी टिपेचा पट्टा

मित्रांनो, मी एका गाऊनचा जुना पट्टा आहे. आता माझे दोन तुकडे झाले आहेत, त्यामुळे गाऊनच्याही कामाचा मी उरलेलो नाही.

मला एका शिंपीणबाईंनी स्वतःसाठी शिवले. उरलेल्या निळ्या सुती कापडातून मला कापले आणि कडेने दुहेरी टीप मारली. "कापड फाटेल, पण माझी टीप उसवायची नाही," असे बाई आपल्या मुलीला म्हणाल्या. मी फुशारून गेलो.

पुढे बाईंना विसर पडू लागला. आधी गिऱ्हाइकांची मापे गेली, मग मुलीचे नाव, शेवटी घास गिळायचा कसा तेही. डावा हात लुळा पडला. नाकातून नळी घातली, तर बाई ती उजव्या हाताने उपसून काढत. "हट्टीपणा तेवढा शाबूत आहे," मुलगी वैतागून म्हणाली. मी समोर दिसलो आणि तिने तो हात पलंगाच्या कठड्याला बांधला.

तीन आठवडे मी तो हात धरून ठेवला. बाईंचा अंगठा माझ्या कडेवरून फिरायचा, दोऱ्याचे टोक चाचपायचा. मी उसवलो असतो तर किती बरे झाले असते! पण टीप त्यांचीच होती. मला माझ्या मजबुतीची लाज वाटली.

एकदा घरी येणाऱ्या नर्सने ते मनगट पाहिले.

"ताई, हा हट्ट नाहीये. त्यांना दुखतंय, सांगता येत नाही एवढंच."

"नळी काढली तर आई उपाशी मरेल ना, सिस्टर?"

"आजार शेवटाला आलाय. नळीनं तो मागे फिरणार नाही. डॉक्टरांशी बोलू, दुखण्याचं औषध सुरू करू. घेतील तेवढं चमच्यानं भरवा. नाहीच घेतलं तर ओठ ओले करा."

"हे मला आधी कुणी सांगितलंच नाही," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढली. माझी गाठ मात्र इतकी आवळली होती की सुटेना. मुलीने आईचीच कात्री आणून मला कापले.

पुढचे पाच दिवस तो हात मुलीच्या हातात होता. अंगठा तिच्या बाहीची शिवण चाचपत राहिला. सहाव्या दिवशी तो थांबला. मनगटावरचा माझा वळ तेव्हाही गेला नव्हता.

मित्रांनो, ज्याची वाचा गेली तो हातांनी सांगतो. ते हात धरण्याआधी त्याला काय होते आहे ते जाणत्यांना विचारा, आणि वेळेवर विचारा. मनाशी एवढी खूणगाठ बांधा. कठड्याला मारलेली गाठ मी पाहिली आहे. ती सुटत नाही, कापावी लागते.