गुरुवारचं इंजिन

उद्धवरावांनी भोसरीचं 'मौज उद्यान' विकत घेतलं तेव्हा मला नोकरीला लागून पाच महिने झाले होते. फिजिक्स घेऊन मी बी.एस्सी. झालो होतो आणि पुण्यात त्यांच्या 'नंदन बागे'तल्या पाळण्यांची आणि झुकझुक गाडीची देखभाल बघत होतो. दोन्ही बागांत नऊ वर्षं चुरस होती. भोसरीत चक्री आली की आम्ही मोठी चक्री आणायची. आम्ही माकडं ठेवली, तर त्यांनी ससे ठेवले. आता चक्र्यांसकट ससेही आमचे झाले.

"मुकुंद, काय ठेवायचं आणि काय मोडीत काढायचं, याची यादी कर," उद्धवराव म्हणाले. "बुधवारी दे. आणि हे बघ, कोण काय म्हणतं ते लिहू नकोस. तू काय बघितलंस ते लिही."

मला हे आवडलं. कॉलेजात आमचे सरही हेच सांगत.

शुक्रवार ते मंगळवार मी रोज सकाळी बसनं भोसरीला गेलो. बागेतला उंच पाळणा बारा पेट्यांचा होता. त्याला एक विजेची मोटर होती, आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत एक डिझेल इंजिन होतं. पट्टा मोटरवरून काढून इंजिनावर चढवला की पाळणा इंजिनावर फिरायचा. इंजिन सांभाळायला बरकतभाई होते. पन्नाशीचे, बारीक, कानात अत्तराचा फाया. अकरा वर्षं ते तेवढंच काम करत होते.

रोज सकाळी ते हँडल मारून इंजिन सुरू करत, दहा मिनिटं आवाज ऐकत आणि बंद करत. नंतर दिवसभर पाळणा मोटरवर फिरे. मी कंप मोजला, तापमान घेतलं, तेल कुठून गळतं ते पाहिलं. 'प्रत्यक्ष वापर' या रकान्यात पाचही दिवस शून्य भरलं.

"नवे मालक इंजिन ठेवतील ना, साहेब?" बरकतभाईंनी शनिवारी विचारलं. "इंजिन राहिलं तर मी राहिलो. मला दुसरं काही येत नाही."

"हे चालतं कधी?"

"गुरुवारी. गुरुवारी इथल्या औद्योगिक वसाहतीची लाइट बंद. कारखान्यांना सुट्टी, बाग भरलेली. तुम्ही गुरुवारी या. मग याचा आवाज ऐका."

मी ऐकून घेतलं. पण अहवाल बुधवारी द्यायचा होता. शेरा लिहायला शेवटी एक रकाना होता. त्यात बरकतभाईंचं म्हणणं लिहिता आलं असतं, पण ते मी मोजलेलं नव्हतं. उद्धवरावांकडून एक दिवस वाढवून घेता आला असता. तोही घेतला नाही. रकाना कोरा ठेवून मी अहवाल दिला.

"पाच दिवसांत एकदाही वापर नाही?" उद्धवरावांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"मी स्वतः तिथं होतो."

यात खोटं काही नव्हतं. इंजिन मोडीत गेलं आणि बरकतभाईंना पत्र गेलं. पत्र द्यायला मीच गेलो होतो. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"यादी तुम्ही केली?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. हात स्वच्छ होते, तरी त्यांनी ते चिंधीला पुसले.

रंगकामासाठी बाग तीन आठवडे बंद राहिली. नव्या नावाची पाटी लागली. रविवारी बाग उघडली तेव्हा गर्दी बेताची होती. उद्धवराव म्हणाले, जमेल हळूहळू. पुण्याच्या बागेत सगळी गर्दी रविवारचीच असते.

गुरुवारी सकाळी सातला वीज गेली. चार वाजता फाटकापासून रस्त्यापर्यंत माणसं होती. इस्त्रीचे शर्ट, गजरे, पावडर लावलेली मुलं. मी दोनशे तीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

तिकिटाच्या खिडकीत गोजाबाई बसायच्या. जुन्या मालकांच्या वेळेपासून त्याच होत्या.

"सायेब, पाळना कवा चालू व्हायचा?"

"लाइट नाही, बाई."

"गुरवारी लाइट नसतीच की. बरकतभाई कुठं हाय?"

मी पत्र्याच्या रिकाम्या खोलीकडं बघितलं.

"काढला व्हय त्याला?" त्या म्हणाल्या, आणि तिकिटांचा गठ्ठा खणात टाकून खिडकी लावून घेतली.

रांगेतला एक जण ओरडला, "ओ पुणेकर राव! सहा दिवस आम्ही मशीन फिरवतो. आज तुम्ही आम्हाला फिरवा की!" लोक हसले. मग हसणं थांबलं.

पेट्रोल पंपावरून मी उद्धवरावांना फोन लावला. त्यांनी गर्दीचा आकडा विचारला. मग म्हणाले, "त्या मेस्त्रीला घेऊन ये. पुन्हा ठेवू म्हणावं. इंजिनासकट."

बरकतभाईंची खोली गावठाणात, मशिदीच्या मागं होती. ते खाटेवर बसून नातीच्या फ्रॉकचं बटण लावत होते. त्यांच्या पत्नी हसीनाबींनी मला स्टूल दिलं.

"अकरा वर्षांनी हे आता गुरुवारी घरी असतात," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते कळत नाही त्यांना."

मी निरोप सांगितला. बरकतभाईंनी दोरा दातानं तोडला.

"इंजिन परवा कापलं, साहेब. भंगारवाल्याच्या अंगणात. मी उभा होतो तिथं. फ्लायव्हीलच्या जड चाकाला वेळ लागला, बाकी लगेच झालं."

"दुसरं इंजिन आणता येईल."

"आणतील तुमचे मालक?"

मला माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. चहा आला. तो फार गोड होता. तो संपवून मी उठलो.

पंपावरून मी पुन्हा फोन केला. इंजिन कापलं म्हटल्यावर उद्धवराव म्हणाले, "मग राहू दे. गुरुवारी बाग बंद ठेव. तशी पाटी लाव."

"आणि बरकतभाई?"

"इंजिन नाही तर तो कशाला?"

मी बागेत परतलो. पुठ्ठा मिळाला, ब्रशही मिळाला. माझं अक्षर चांगलं आहे. 'दर गुरुवारी बाग बंद राहील' असं लिहून मी पाटी फाटकाला तारेनं बांधली. उरलेली माणसं पुढं आली. एकानं इतरांसाठी मोठ्यानं वाचलं. कोणी भांडलं नाही.

एक माणूस मुलीला खांद्यावर घेऊन मागं थांबला होता.

"मग उघडी कधी असते?"

"शुक्रवारपासून बुधवारपर्यंत."

"तेव्हा मी कंपनीत असतो," तो म्हणाला.

मुलीनं थांबलेल्या पाळण्याकडं बोट केलं. त्यानं तिचा हात हलकेच खाली घेतला आणि तो बसथांब्याकडं निघाला.