माझ्या मापाचं काडतूस

मी एका पिस्तुलाची जुनी नळी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकावर राग आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म महायुद्धाच्या धामधुमीतला. पोलादाच्या दांड्याला आरपार भोक पाडलं, आत पीळदार चर कापले आणि मागच्या टोकाला काडतुसासाठी घर केलं. गोळी पितळी पुंगळीतून सुटते, चरांत धरली जाते, गिरकी घेते आणि सरळ जाते. एवढंच माझं काम. फक्त माझं घर आणि माझे चर यांच्यामध्ये कारागिराच्या हातून जरा जास्त मोकळी जागा राहिली. नखाच्या जाडीएवढी असेल. याला दोष म्हणू नका. कोणतीही दोन घरं सारखी नसतात, तशी कोणत्याही दोन नळ्याही नसतात.

मला आणलं काल्ले कांगासने. अमेरिकेत सुपीरिअर सरोवराच्या काठी, लोखंडाच्या खाणीत तो कामाला होता. तिथले लोक हिवाळाभर क्लबच्या तळघरात नेमबाजी करतात आणि झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. काल्ले हातयंत्रावर एकेक काडतूस भरायचा. गोळी पुंगळीत थोडी दाबायची, काडतूस माझ्यात टाकून बघायचं, मग आणखी किंचित दाबायची. गोळी माझ्या चरांच्या अगदी उंबऱ्याशी आली की तो थांबायचा. त्या दिवसांत कागदावरची माझी सगळी भोकं कॉफीच्या कपाखाली झाकता येत. लोक माझं कौतुक करत आणि मी फुगून जात असे.

मग काल्लेची बायको हिल्या कंपवाताने आजारी पडली. आधी तिला सुईत दोरा घालता येईना, शेवटी तर चमचाही धरता येईना. रेइनो आणि आयली या दोन्ही मुलांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. काल्लेही गेल्यावर पिस्तूल धाकट्या आयलीकडे आलं. आयली शाळेची बस चालवायची. बर्फात रस्ता दिसेनासा झाला तरी तिची बस वेळेवर पोचायची, असं गाव म्हणायचं.

रेइनोने मात्र मोठं यंत्र घेतलं आणि सगळ्या क्लबची काडतुसं तोच भरू लागला. फुकट भरायचा, म्हणून त्याचा मान मोठा. त्याचं काडतूस नको म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. दर गुरुवारी तो आपल्या पिस्तुलाची नळी काढायचा आणि नव्या मालातलं एक काडतूस तिच्यात टाकायचा. टक् असा आवाज आला की माल पास. सगळे माना डोलवायचे आणि कॉफी ओतून घ्यायचे. माझ्यात टाकून बघावं, असं कुणाला कधी सुचलं नाही.

त्याची नळी तंग, आत मोकळी जागा कमी, म्हणून त्याची काडतुसं आखूड. माझ्यातही ती टक् करून बसली असती, कारण माझ्यात काहीही मावतं. पण मावणं वेगळं आणि जुळणं वेगळं. आखूड काडतुसातली गोळी सुटली की माझ्या चरांपर्यंत पोचायला तिला ती मोकळी जागा ओलांडावी लागते. तेवढ्यात ती कलते. एकदा कलून आत शिरली की बाहेरही तशीच जाते. मी काय करणार?

आयलीचा कागद बघून रेइनो सगळ्यांसमोर म्हणाला, "आयली, ही काय चाळण करून ठेवलीस?"

"नेम तर नीट धरला होता मी."

"आईचंही असंच सुरू झालं होतं." तोंडात पेस्टीचा घास होता त्याच्या. खिमा-बटाट्याची ती करंजी चघळत तो हे बोलला.

मित्रांनो, मला तळपाय नाहीत, पण आग मस्तकात गेली. माझ्या घरात आखूड गोळी कोंबायची आणि खापर त्या बाईच्या हातावर फोडायचं. तेही तिच्या मेलेल्या आईचं नाव घेऊन. बाकीचे बसले मूग गिळून. रेइनोची काडतुसं फुकट होती ना.

आयली त्या दिवसापासून आपल्या हाताकडे बघू लागली. कप दोन्ही हातांनी धरू लागली. दुसऱ्या हिवाळ्यात तिने बसची किल्ली शाळेला परत केली. "मागे मुलं बसलेली असतात," एवढंच कारण सांगितलं. डॉक्टरकडे काही ती गेली नाही.

"जायचं ना एकदा," क्लबमधली म्हातारी लेम्पी हार्यू तिला म्हणाली.

"आणि तो हो म्हणाला तर?"

लेम्पीची जीभ तिखट. तिला वाईट वाटलं की ती जास्तच तिखट व्हायची. एका गुरुवारी तिने आपलं पिस्तूल आयलीच्या हातात कोंबलं. "रडू नकोस. याने मार."

डबा तोच, काडतुसं तीच. भोकं सगळी एकमेकांना चिकटून पडली.

"ही थरथरते म्हणता?" लेम्पी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मग मी तर भूकंपच म्हणायची."

रेइनोने कागद उलटसुलट केला. "तर मग नळी झिजली असणार. बाबांचं भंगार आहे ते. काढून टाक." हाताबद्दल एक अक्षर बोलला नाही. आधी तिचा हात वाईट होता, आता मी वाईट झाले.

आयलीने मला घरी नेलं, पण टाकलं नाही. लेम्पीही आपलं पिस्तूल घेऊन सोबत आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला लेम्पीच्या नळीशेजारी ठेवलं आणि दोघींच्या घरांत एकेक सुटी गोळी सोडली. बारीक काडीने ती अडेपर्यंत हलकेच पुढे ढकलली आणि काडीवर पेन्सिलीने खूण केली. लेम्पीच्या नळीत गोळी लवकर अडली. माझ्यात पुढे गेली. काडीवर दोन रेघा झाल्या, मध्ये नखाच्या जाडीएवढं अंतर.

आयलीने त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. "लेम्पी, बाबा प्रत्येक काडतूस हिच्यात टाकून बघायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागलाय."

"भावाला सांग जाऊन."

ती लगेच गेली आणि पाय आपटत परत आली. "म्हणतो, पुस्तकात दिलंय तेच माप आहे. एकीसाठी यंत्राचा स्क्रू हलवू का, म्हणतो."

मग तिने माळ्यावरून बापाचं हातयंत्र काढलं. बंदुकीची दारू तेवढीच घातली, फक्त गोळी कमी दाबली. जास्त दाबली तर आत दारूला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. फार लांब ठेवली तर ती चरांत रुतते, पिस्तूल मिटत नाही. लांब ते चांगलं किंवा आखूड ते चांगलं, असं काही नसतं. जिच्यातून जायचं तिला विचारावं लागतं. आयलीने प्रत्येक काडतूस मला विचारून भरलं. काल्ले गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तिने माझ्यातून गोळ्या झाडल्या. रेइनो कागदाजवळ गेला आणि हसला. "बघ, मनगट सुधारलं. मी म्हणत नव्हतो, सराव कर?"

आयलीने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं. "मनगट तेच आहे. काडतूस बदललंय. मी भरलेलं आहे ते."

"बरं, मग झालं ना नीट. सोड आता."

"नाही सोडणार. सगळ्यांसमोर बोलला होतास, सगळ्यांसमोर सांग."

कॉफीचे कप हातातच राहिले. रेइनोने लेम्पीकडे पाहिलं, पण तिने त्याला काही मदत केली नाही.

"तुझ्या नळीला माझं काडतूस आखूड पडत होतं," तो म्हणाला.

"आणि हात?"

"हात बरा आहे तुझा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

लोकांनी सुस्कारा टाकला आणि ते पुन्हा कॉफीकडे वळले. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं. माझ्या लेखी मिटलेलं नाही. शाळेची बस आता दुसराच कुणी चालवतो, आणि तो चांगला चालवतो, त्याला कुणी काढणार नाही. कप एका हातात घेताना आयली अजून क्षणभर थांबते. ते कुठल्या यंत्रावर भरून निघणार?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. मला तेल पुरेसं मिळतं. मी दुसरंच मागते. कुणाला तुझा हात थरथरतो असं सांगायला तोंड उघडाल, तर त्याआधी मला बाहेर काढा आणि एक गोळी माझ्यात टाकून काडीने मोजून बघा. कॉफी निवायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. रेइनोने दोन हिवाळे कॉफी प्यायली, पण तेवढा वेळ काही त्याला मिळाला नाही.