गोल बटणावरची चित्रं

सासऱ्यांनी नवी पिकअप घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मुलगा चालवेल. पण मुलाला गाडी लागायची. दुसऱ्याच वळणावर तो पांढराफटक पडायचा. म्हणून स्टिअरिंग आलं सुनेकडे. गुडघ्याने दगा दिलेला, म्हणून सासरे शेजारच्या सीटवर बसायचे, पण गिअरच्या मागचं गोल बटण त्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवलं होतं. त्याला सुनेने हात लावायचा नाही. घरात तिचं राज्य, गाडीत त्यांचं, असा न बोलता झालेला करार होता.

त्या बटणावर चित्रं होती. वाळूची टेकडी, दगड, बर्फाची चांदणी, मागे ट्रॉली जोडलेली गाडी आणि एक साधी रेघ, रोजच्यासाठी. घरचा धंदा बांधकामाचा माल पोचवण्याचा. त्यामुळे चित्रांचा अर्थ सासऱ्यांना पहिल्याच दिवशी लख्ख कळला. मागे जो माल, तो बटणावर. वाळू भरली की वाळू, दगड भरले की दगड. ट्रॉलीचं चित्र तर पुराव्यासारखंच होतं. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी न उघडता सीटखाली सरकवलं. ज्याला गाडीतलं काही कळत नाही त्याच्यासाठी असतं ते, म्हणाले.

आणि गंमत अशी, की ते खपून गेलं. वाळू भरायची ती तळ्याच्या काठावर, वाळूतच उभं राहून. दगड आणायचे ते खाणीतून, दगडांवरूनच. गाडी बिनबोभाट निघायची आणि सासरे मिशीतल्या मिशीत हसायचे. एकदा गाद्या न्यायच्या आल्या. गादीचं चित्र काही नव्हतं. सासऱ्यांनी बराच वेळ हनुवटी खाजवली आणि बर्फ लावला, पांढरं आणि मऊ म्हणून. सरळ डांबरी रस्त्यावर गाडी अर्धवट झोपेत असल्यासारखी चालली. हिला झालंय तरी काय, असं सुनेने विचारलं, तर म्हणाले, गाद्या आहेत, सुस्ती यायचीच. आणि सुनेला ते पटलं, हे विशेष.

नणंद मात्र या धंद्यातली नव्हती. तिला होडीचं वेड. तळ्याकाठच्या एका उसन्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी खपून खपून तिने स्वतःच्या हाताने होडी बांधली. सुनेनेही तिच्याबरोबर बसून फळ्या घासल्या होत्या, बोटांची सालं निघेपर्यंत. आता शेडच्या मालकाला जागा उद्या सकाळी रिकामी हवी होती, त्याचं धान्य यायचं होतं. होडी आज पाण्यात उतरली नाही तर उघड्यावर पडणार, उन्हात फळ्या आकसणार, सांधे उघडणार. एवढ्या वर्षांची मेहनत मातीमोल.

होडी ट्रॉलीवर चढली. सासऱ्यांनी ऐटीत ट्रॉलीचं चित्र लावलं. शेडपासून पाण्यापर्यंत कोरडी, भुसभुशीत वाळू. निम्म्या वाटेत गाडीने मान टाकली. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडी आपणहून दम आखडून घ्यायची. पाय कितीही दाबा, नुसतं कण्हणं. मागची चाकं खाली खाली चालली. नवरा आणि नणंदेचे मित्र मागून ढकलत होते, काठावरचे बघे फुकटचे सल्ले देत होते. तळहातावरचा वाळलेला रंग नखाने खरवडत नणंद नुसती होडीकडे बघत उभी होती.

सुनेने पाय काढून घेतला. मागच्याच महिन्यात याच काठावरून वाळूने शिगोशीग भरलेली गाडी तिने हसतखेळत बाहेर काढली होती. होडी तर त्यापुढे फुलासारखी. काठ तोच, गाडी तीच, चालवणारी तीच. मग वेगळं काय? तिची नजर बटणावर गेली. तिथे ट्रॉली होती.

तिने आधी काच वर केली. बाहेर कुणाला ऐकू जायला नको.

"बाबा, वाळू लावा."

"वाळू कुठंय? होडी आहे मागे."

"वाळू खाली आहे. गाडीला मागचं कुठं दिसतंय बाबा, तिला आपलं पायाखालचं कळतं."

सासऱ्यांनी बटणाकडे बघितलं, खिडकीतून खाली वाळूकडे बघितलं.

"म्हणजे त्या गाद्या..."

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मला तरी कुठं कळलं होतं? मी म्हटलं, गाद्यांची सुस्ती."

सासऱ्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. काचेबाहेर नवरा घाबरला, त्याला वाटलं बाबा रडतायत. डोळे पुसत सासऱ्यांनी काच खाली घेतली आणि मुलाला फर्मावलं, चारी चाकांतली हवा कमी कर. "आमच्या जुन्या गाडीला कुठली बटणं? हवा सोडूनच वाळू पार करायचो." ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. चाकं पसरली, पुढची वाळू फावड्याने उकरली, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बटण वाळूवर आणलं.

आता गाडी कण्हली नाही, गुरगुरली. चाकं फिरली तरी तिने दम सोडला नाही. सुनेनेही पाय हलू दिला नाही, मध्ये थांबली असती तर पुन्हा रुतली असती. ओल्या, घट्ट वाळूपाशी तिने गाडी वळवली आणि ट्रॉली मागे रेटत पाण्यात घातली. होडी एकदा डुगडुगली, मग अलगद उचलली गेली. नणंदेने जी आरोळी ठोकली, तिने काठावरचे सगळे बगळे उडाले.

पहिल्या फेरीला घरचेच. नवऱ्याने लांबूनच हात जोडले. गाडी लागते, तर होडीचं बोलायलाच नको. सुनेने वल्हं घेतलं. सासरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते.

"हिला बटणं किती?"

"एकही नाही, बाबा," नणंद म्हणाली.

"मग येतो."

दोघींनी त्यांना ओढून आत घेतलं. बसल्याबसल्या ते कडेवरून वाकले, पाण्यात हात बुडवून पाहिला आणि सुनेकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "खाली पाणी आहे बरं का. त्या हिशोबाने चालव."

सुनेला हसू आवरेना. पहिले दोन हात वल्हं पाण्याला लागलंच नाही.