मिस मय्सून बॉनेट उघडते

बुधवारी सकाळी परीक्षेच्या मैदानावर, वीस-पंचवीस शिकाऊ माणसांच्या देखत, परीक्षकाने मिस मय्सूनची गाडी रांगेतून बाहेर काढायला लावली. बॉनेटच्या फटीतून निळसर धूर येत होता आणि जळक्या तेलाचा वास सुटला होता. परीक्षक तसा सभ्य माणूस. हा धूर थांबल्याशिवाय या गाडीत मी बसणार नाही, एवढंच तो म्हणाला. मागच्या गाडीतल्या शिक्षकाचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. खिडकीतून मान बाहेर काढून त्याने विचारलं, "मिस, कबाब लावलेत का? आमच्यासाठी पण ठेवा दोन."

मय्सूनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चालकाच्या जागेवर हनादी बसली होती आणि तिचे हात स्टिअरिंगवर तसेच घट्ट होते. हनादी एकतीस वर्षांची, शिवणकाम करून दोन मुलींना वाढवणारी विधवा. राहायला दिराच्या घरी. गाडी शिकायला दिराने परवानगी दिली ती एका अटीवर: परीक्षा एकदाच द्यायची, नापास झालीस तर विषय बंद. आता ती परीक्षा न देताच परत निघाली होती. मय्सूनने आत जाऊन खिडकीवरच्या बाईशी हुज्जत घातली आणि तिच्यासाठी रविवारची तारीख मिळवली. रविवार चुकला असता तर पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी.

अम्मानजवळच्या सल्त गावच्या उभ्या चढांवर मय्सून सतरा वर्षं बायकांना गाडी शिकवत होती. गाडी तिची स्वतःची, जुनी जर्मन, शिक्षकाच्या पायाखाली जादा ब्रेक बसवलेली. एवढ्या वर्षांत गाडीने तिला कधी दगा दिला नव्हता, म्हणून मैदानावरून ती तडक गॅरेजवाल्या मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, नाएफकडे गेली.

नाएफने बॉनेट उघडलं, वरून एक नजर टाकली आणि सिगारेट पेटवली. इंजिनाच्या मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, दहा दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. मय्सून म्हणाली, तेल मागे नाही, पुढच्या बाजूला दिसतंय. गाडी वर उचलून एकदा खालून बघा.

"मिस, तुम्ही चालवा, आम्ही दुरुस्त करतो," नाएफ म्हणाला. "आणि खरं सांगू? आता वय झालं तुमचं. ही विकून टाका, एखादी छोटी गिअर नसलेली घ्या आणि घरी आराम करा."

गॅरेजमधली दोन-तीन माणसं हसली. मय्सून सत्तेचाळीस वर्षांची होती. वयावरून बोललेलं तिला एवढं लागलं नाही. गाडीला बोटसुद्धा न लावता या माणसाने दहा दिवस सांगून टाकले, ते लागलं.

"मुअल्लिम, तुम्ही हात न लावता सांगितलंत," ती म्हणाली. "मी हात लावून बघते."

"उघडाल. पण बंद कराल का? टेम्पोत घालून आणाल तेव्हा दार उघडंच आहे आमचं."

"आणीन," मय्सून म्हणाली. "पण चालवत आणीन."

गल्ली चढून ती घरी आली. बोलून तर बसली होती. टायर बदलणं आणि तेल घालणं यापलीकडे आयुष्यात तिने गाडीचं काही केलं नव्हतं.

गुरुवारी तिने सगळे वर्ग रद्द केले. इंजिन धुऊन पुसून कोरडं केलं. मग शेजारणीकडून तान्ह्या बाळाची पावडर मागून आणली आणि ती इंजिनावर सगळीकडे भुरभुरली. ही युक्ती तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, बंद केलं आणि टॉर्च घेऊन वाकली. मागची बाजू पांढरीशुभ्र होती. पुढे, जिथे तेलाच्या फिल्टरचं हौसिंग, म्हणजे त्याचं धातूचं घर, इंजिनाला बोल्टांनी आवळलेलं असतं, तिथे पावडरीवर काळी ओल उतरत गेली होती. तिथून तेल खालच्या गरम पाइपावर पडत होतं आणि धूर होत होता. म्हणजे दोष सीलचा नव्हता. हौसिंग आणि इंजिन यांच्या मध्ये करंगळीहून बारीक असं रबराचं एक वेटोळं असतं, त्या गॅस्केटचा होता.

तिने दोनदा बघितलं. मग नवऱ्याला हाक मारून त्यालाही वाकायला लावलं.

अदनान पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल होता, नुकताच निवृत्त झालेला. तीस वर्षं त्याने लोकांना पाने मोजून दिले आणि मोजून परत घेतले होते. प्रत्येक पान्याचं नाव त्याला पाठ होतं, पण एकही बोल्ट त्याने कधी फिरवला नव्हता. त्याला काळजी वेगळीच लागली. मुलाच्या नावावरून तो बायकोला उम्म कुसय, म्हणजे कुसयची आई, म्हणायचा. "उम्म कुसय, काम अंगणात नाही, रस्त्यावर करावं लागणार," तो म्हणाला. "सगळी गल्ली बघेल."

"बघू दे. सतरा वर्षं बघतेच आहे गल्ली. पहिल्या वर्षी तर दगडसुद्धा मारला होता कुणीतरी."

संध्याकाळी अदनान जुन्या कचेरीतून एक लाकडी पेटी घेऊन आला. त्यात सॉकेट होते, लांब दांड्या होत्या आणि ठरवलेला जोर आला की टक् असा आवाज करणारा एक पाना होता.

शुक्रवारी नमाजानंतर गल्ली जेवणासाठी घराघरांत शिरली आणि मय्सूनने कामाला हात घातला. मुलाचा जुना सदरा, डोक्याचा रुमाल मागे घट्ट बांधलेला. आधी बॅटरीची तार सोडवली. हवेचा जाडजूड पाइप काढला, पट्टा सैल करून उतरवला. पट्ट्यावर तेल चढून तो बुळबुळीत झाला होता, म्हणून नव्या गॅस्केटबरोबर तोही नवाच आणून ठेवला होता. इंजिन थंड ठेवणारं कूलंट बादलीत काढलं, तेल परातीत. निघालेला प्रत्येक बोल्ट ती एका पुठ्ठ्यावर, गाडीत होता त्याच जागी खोचून ठेवत होती. हौसिंगचे दिसणारे बोल्ट सुटले. मागचा एक मात्र दिसतच नव्हता, त्याला बोटांनी चाचपडूनच गाठायचं होतं. दीड तास त्या एका बोल्टापायी गेला. मनगटाची साल निघाली. शेजारचा अबू हसीब कॉफीचा पेला घेऊन पायरीवर येऊन बसला होता. त्याने अदनानला विचारलं की आता स्वयंपाक तू शिकणार का.

अदनान म्हणाला, "शिकतोय. आज मसूर जाळला. येतोस जेवायला?"

अबू हसीब कॉफी संपवून आत गेला.

हौसिंग हातात आलं तेव्हा मय्सूनने जुनं गॅस्केट काढलं. त्यातलं रबरपण केव्हाच संपलं होतं. वाकवलं तर काडीसारखं मोडलं. तिने दोन्ही कडा लाकडी चमच्याच्या दांड्याने खरवडल्या, कारण लोखंड लावलं तर ओरखडा उठतो आणि त्या ओरखड्यातूनही तेल झिरपतं. मग नवं गॅस्केट हौसिंगच्या खाचेत एका टोकापासून सुरू करून गोल फिरवत दाबत नेलं, हौसिंग जागेवर चढवलं आणि बोल्ट आवळले. ऊन कललं तोवर तेल, कूलंट, पट्टा, सगळं जागच्या जागी झालं होतं.

तिने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. अदनानने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. गाडीखाली तेलाची धार लागली होती. आधी नुसते थेंब पडायचे, आता सरळ धार.

ती गाडी बंद करून दारातल्या दगडावर जाऊन बसली. समोरच्या गच्चीवरून दोघीजणी बघत होत्या. अदनान मऊ आवाजात म्हणाला की तू केलंस तेच पुष्कळ झालं, रविवारी कुणाची तरी गाडी मागून घेऊ, आणि ही नाएफकडे...

"नाव काढू नकोस त्याचं," मय्सून म्हणाली. गच्चीवरच्यांना रडू दिसू द्यायचं नाही असं ठरवूनच ती उठली. पाने पुसले, पेटीत ठेवले, बॉनेट लावलं. मग गच्चीकडे मान वर करून स्वच्छ आवाजात सांगितलं, "उद्या दुपारी पुन्हा उघडणार आहे. खुर्च्या आणा."

शनिवारी पहाटेच्या बसने ती अम्मानला, बयादरच्या सुट्या भागांच्या बाजारात गेली आणि तेच गॅस्केट पुन्हा घेऊन आली. दुकानदाराला वाटलं मेकॅनिकने चुकीचं मागवलं. तिने त्याला सांगितलं की मेकॅनिक मीच आहे आणि चूक माझीच होती.

परत येऊन हौसिंग पुन्हा सोडवलं. आदल्या दिवशी दीड तास खाणारा बोल्ट आज दहा मिनिटांत निघाला. काल बसवलेलं गॅस्केट एका कोपऱ्यात खाचेबाहेर येऊन चिरडलं होतं. का, ते काही तिच्या ध्यानात येईना. खाच स्वच्छ होती, माप बरोबर होतं.

एवढ्यात शेवटच्या तासासाठी हनादी आली. गाडी उघडी पडलेली बघून ती जागीच थांबली. मय्सूनला वाटलं, आता ही मटकन खाली बसेल. तिने सगळं खरं सांगून टाकलं, अगदी कालच्या धारेसकट. हनादीने पिशवी बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या आणि ते चिरडलेलं गॅस्केट हातात घेऊन उजेडात फिरवून बघितलं.

"मिस, हे तुम्ही एका टोकापासून बसवत गेलात का? असं गोल?"

"हो. मग कसं बसवणार?"

"बाही अशी लावली तर शेवटी झोळ येतो. सगळं ढिलं कापड शेवटच्या टोकाला गोळा होतं. आम्ही आधी खांद्याला टाचणी मारतो, मग बगलेला, मग दोन्ही बाजूंना. चार ठिकाणी पक्कं झालं की मधलं आपोआप बसतं."

मय्सूनने हौसिंग आणि नवं गॅस्केट तिच्यापुढे धरलं. "लाव बाही."

हनादीने फडक्याला हात पुसले. वर एकदा दाबलं, खाली एकदा, डावीकडे, उजवीकडे. मग मधले भाग अंगठ्याने हळूहळू बसवत गेली. खाचेतून कुठेच काही उचललं गेलं नाही. मय्सूनने हौसिंग जागेवर नेलं, हनादीने खालून टॉर्च धरून गॅस्केटवर नजर ठेवली. आवळायचे बोल्टही मय्सूनने त्याच हिशेबाने आवळले, एक इकडचा, एक समोरचा, टक् आवाज येईपर्यंत.

गच्चीवर खरंच खुर्च्या आल्या होत्या. चावी फिरवली तेव्हा वरचं बोलणंही थांबलं. एक मिनिट गेलं, पाच गेली. अदनान गाडीखाली आडवा झाला होता. तो तिथूनच म्हणाला, "काही नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "काहीच नाही, उम्म कुसय." वीस मिनिटांनी तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या पाठीला रस्त्याची सगळी माती होती आणि चेहरा लग्नातल्यासारखा.

मय्सूनने हातसुद्धा धुतले नाहीत. हनादीला चालवायला बसवलं आणि औद्योगिक वसाहतीचा रस्ता धरायला सांगितलं. नाएफच्या गॅरेजच्या दारात गाडी उभी राहिली, इंजिन चालूच होतं. नाएफ बाहेर आला. मय्सून बॉनेट उघडून नुसती बाजूला झाली. तो आधी वरून वाकला, मग गुडघ्यावर बसून खालून बघितलं, बोट फिरवलं, बोट कोरडंच निघालं. मागची माणसं आज हसत नव्हती.

"तात्पुरतं थांबलंय," शेवटी तो उठत म्हणाला.

"मग दर महिन्याला आणून दाखवते," मय्सून म्हणाली. "आणि मुअल्लिम, पुढच्या वेळी कुणी बाई गाडी घेऊन आली तर आधी वाका, मग दिवस सांगा."

नाएफने चहा विचारला. तिने घेतला, उभ्या उभ्या, सावकाश, पेला रिकामा होईपर्यंत. मग दोघी निघाल्या.

रविवारी परीक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली, वास घेतला आणि आत बसला. हनादीने चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली ती इतकी अलगद की मय्सूनला लांबूनही समाधान वाटलं. पण शेवटी दोन खांबांमध्ये गाडी मागे घालताना एक खांब पडला. नापास.

दीर फाटकाशीच उभा होता. झालं ना समाधान, चल घरी, असं तो म्हणाला.

"दोन महिन्यांनंतरची तारीख घेतली मी," हनादी म्हणाली. "आतच घेतली, बाहेर येण्याआधी."

"आपलं काय ठरलं होतं?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी ऐकून घेतलं होतं. भावजी, घर तुमचं आहे, नको म्हणालात तर मुलींना घेऊन वेगळी राहीन. पण तारखेला मी इथे येणार."

दीर मय्सूनकडे वळला, जणू हे सगळं तिनेच शिकवलंय. मय्सून म्हणाली की मी फक्त गिअर शिकवते, आणि तिने शिक्षकाच्या बाजूचं दार उघडलं. दीर काहीतरी पुटपुटत आपल्या गाडीकडे गेला. तो काय ठरवणार, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

हनादी चालवायला बसली. फाटकाबाहेर लगेच उभा चढ लागला. शिकाऊ पाटी बघून मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना. हनादीची नजर आरशाकडे गेली.

"वाजवू दे त्याला," मय्सून म्हणाली. "तू गिअर दुसऱ्यावरच ठेव."