कपड्यांचं हॅलियार्ड

आपल्या या खलाशाला दोरीतलं सगळं कळायचं, फक्त तिचं नाव तेवढं त्याला विचारायचं नाही. लहानपण त्याचं मामाच्या शिडाच्या होडीवर गेलं. तिथे यच्चयावत दोऱ्यांना दोनच नावं होती, 'ही' आणि 'ती', आणि मामा चिडला की तिसरं, जे इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे मालवाहू जहाजांवर नोकरी लागली. तिथे शिडांचा पत्ताच नव्हता. होते ते यंत्राने ओढायचे जाडजूड दोर. बोट दाखवलं की काम भागायचं.

मग बंदरात एक जुनं शिडाचं जहाज डागडुजी करून उभं राहिलं. सकाळी हौशी लोकांना घेऊन समुद्रात जायचं, त्यांच्याकडूनच दोर ओढवून घ्यायचे आणि संध्याकाळी परत यायचं, असा बेत. त्यावर बोसन हवा होता, म्हणजे दोर आणि शिडं सांभाळणारा मुकादम. 'संध्याकाळी परत' हे दोन शब्द ऐकून खलाशाने लगेच अर्ज ठोकला. कारण मागच्या सुट्टीत, घरी आल्यावरच्या पहिल्याच जेवणाला, त्याच्या चार वर्षांच्या मुलीने, टिकलीने, मोठ्या अदबीने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कधी जाणार?" घरी पाहुणे आले की ती हेच विचारायची. सगळे हसले. तोही हसला, पण वाढलेलं तसंच ठेवून उठला.

अडचण होती ती परीक्षेची. त्या जहाजावर ढीगभर दोर एकाच कठड्याशी ओळीने बांधलेले, आणि प्रत्येकाला स्वतःचं इंग्रजी नाव. हुकूम नावानेच सुटायचा. भलताच दोर सोडला तर अख्खं शीड कुणाच्या तरी टाळक्यात. त्यामुळे कप्तानबाई डेकवर उभं करून परीक्षा घेणार होत्या, आणि त्यांच्याकडे 'ही' आणि 'ती' चालणार नव्हतं.

बायको शाळेत इंग्रजी शिकवायची, हे त्याचं नशीब म्हणायचं. पहिल्याच संध्याकाळी तिने त्याला समोर बसवलं.

"शीट म्हणजे?"

"चादर."

"शिडाचा खालचा कोपरा आवरून धरते ती दोरी."

"मग चादरीला काय म्हणतात?"

"शीटच."

"मास्तरीणबाई, हे लोक एकमेकांशी बोलतात तरी कसे?"

पण मास्तरीणबाईंना आता रंग चढला होता. शीटा सुटल्या की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं, म्हणून तर्र झालेल्या माणसालाही इंग्रजीत 'शीटा सुटलेला' म्हणतात, हे तिने सांगितलं. नव्या माणसाला कामाची माहिती करून देणं म्हणजे 'दोर दाखवणं'. मोठ्या डोलकाठीला पुढून धरून ठेवणारा दोर तो मेनस्टे, आणि ज्याच्या जिवावर एखादं काम उभं असतं त्यालाही मेनस्टेच म्हणायचं.

"म्हणजे जहाजावरचे बरेच शब्द उतरून किनाऱ्यावर स्थायिक झालेत," तो म्हणाला.

"तूच तेवढा राहिलायस," ती म्हणाली.

एवढं शिकूनही दुसऱ्या दिवशी सगळं पार पुसलेलं. तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि जाहीर केलं, "पाठांतर तुझ्या रक्तात नाही. तुझ्या हातांनाच शिकवलं पाहिजे."

आणि घराचं जहाज झालं. स्वयंपाकघराच्या छताला कपडे वाळत घालायची लाकडी चौकट होती, कप्पीवरून दोरीने वरखाली होणारी. शीडही असंच चढवतात, म्हणून ती दोरी हॅलियार्ड. पडदा आवरायची दोरी शीट. टिकलीचं चाकांचं बदक टेबलाच्या पायाला बांधलेलं असायचं, ती दोरी पेंटर, कारण छोट्या होडीला नाकाशी बांधतात ती हीच. पुस्तकांचं कपाट पडू नये म्हणून भिंतीला आवळलेली तार झाली स्टे, तिला कुणी हात लावायचा नाही. त्यांच्याकडेच राहणाऱ्या त्याच्या सासूबाईंच्या गळ्यातली किल्ल्यांची दोरी लॅनयार्ड. ही पदवी मिळाल्यापासून सासूबाई घरात जरा ताठ चालू लागल्या.

खेळ सगळ्यात जास्त रंगला तो त्यांनाच. "जावईबापू, हॅलियार्ड सोडा, माझं पांघरूण वाळलं!" अशी आरोळी दिवसातून कितीदा तरी उठायची, वर पांघरूण नसतानाही. त्यांचा एकच दंडक होता. दोरी सोडण्याआधी ओरडायचं. एकदा ओल्या विजारींसकट ती चौकट त्यांच्या डोक्यात बसली होती, आणि ते त्या कुणालाच विसरू देत नसत. त्यामुळे दोरीला हात लावताना "डोकी सांभाळा!" हे त्याच्या तोंडून आपोआप निघू लागलं.

परीक्षेच्या दिवशी कप्तानबाई हात मागे बांधून उभ्या होत्या. डोलकाठीखाली एक सुतार मांडी ठोकून फळी तासत बसला होता.

"शीट!"

त्याच्या डोळ्यांपुढे घरातला पडदा आला आणि हात बरोबर दोरावर गेला. मग "स्टे!" तो नुसता बोट दाखवून लांब उभा राहिला, कपाटाच्या तारेपासून राहायचा तसा. त्याला धीर येत होता. एकामागून एक नावं येत गेली आणि त्याचे हात त्याला न विचारता उत्तरं देत गेले.

"मेन हॅलियार्ड! सोडा!"

त्याने दोर मोकळा केला आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "डोकी सांभाळा! आईंचं पांघरूण येतंय!"

सुतार फळी टाकून टुणकन बाजूला झाला. भलंमोठं शीड सावकाश उतरत तो बसला होता तिथेच येऊन पडलं.

"कुणाचं पांघरूण?" कप्तानबाईंनी विचारलं.

धरणी दुभंगावी तर इथे धरणीही नव्हती. त्याने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं: स्वयंपाकघर, चौकट, बदक, सासूबाई. सुतार तोंड फिरवून हसत होता. कप्तानबाई मात्र हसल्या नाहीत.

"शेवटचा प्रश्न. बिटर एंड म्हणजे?"

याला घरात जागाच मिळाली नव्हती. बायकोने फक्त एकदा समजावून सांगितलं होतं. तो आठवत, चाचपडत बोलला, "दोर बाहेर कितीही लांब सोडला, तरी जे टोक घरात बांधलेलं राहतं, ते."

"घरात?"

"जहाजात. जहाजात म्हणायचं होतं, बाई. चुकलो."

कप्तानबाई स्वतःचा खांदा चोळत म्हणाल्या, "आधीचा बोसन न ओरडता दोर सोडायचा. हा खांदा अजून दुखतो. सोमवारपासून या." आणि वळता वळता, "पांघरुणाचं राहू द्या. लोकांना आवडेल."

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला. आजवर तो आला की अख्खं घर दारात उभं असायचं. सासूबाई चांगलं लुगडं नेसून, बायको कामं टाकून, आणि टिकलीला पुढे ढकललेलं, लाजत, न ओळखल्यासारखी. ठेवणीतली ताटं निघायची. आज दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत आला. बायकोने तपासायच्या पेपरांतून मान वर न करता सांगितलं, "कांदा चिरायचा राहिलाय." आतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दार ओढून घ्या, माश्या येतात." टिकली जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"बाबा, बाजूला व्हा ना," ती वैतागून म्हणाली. "उजेड अडतोय."

इतक्या वर्षांत या घरात त्याच्याकडे एवढं दुर्लक्ष कुणी केलं नव्हतं. तो चटकन बाजूला झाला, दार ओढलं, बूट काढले आणि शीळ घालत कांदा चिरायला बसला.