ताब्यात नसलेली वस्तू

पीएचडीच्या तोंडी परीक्षेत मार्गदर्शकानं तोंड उघडायचं नसतं. प्रबंध विद्यार्थिनीचा, उत्तरंही तिचीच; मी आपली कोपऱ्यातल्या खुर्चीत शोभेची बाहुली. हा नियम ज्यानं केला त्याला त्या दिवशी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की विचारू नका.

आमच्या केंद्रात मुस्लिम देशांचं राजकारण आणि अर्थव्यवहार शिकवतात. केंद्राचे संचालक म्हणजे मोठे सर. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून निघालेल्या बिनव्याजी बँका शिकवताना ते टेबलावर मूठ आपटायचे. "बँकेनं वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, ताब्यात घ्यायची, मगच नफा धरून गिऱ्हाइकाला विकायची. जे ताब्यात नाही ते विकायचं नाही!" आम्ही माना डोलवायचो. वाटायचं, काय माणूस आहे!

माझी विद्यार्थिनी चिमणी (घरचं नाव, पण केंद्रातही तेच चालतं) नेमकं हेच तपासायला निघाली. तिच्या अम्मीनं एका बिनव्याजी बँकेकडून शिलाई मशीन घेतलं होतं. साध्या बँकेपेक्षा महाग पडलं, तरी अम्मी खूश, कारण व्याजाच्या पापातून सुटली होती. चिमणीनं खोदून काढलं, तर बँकेनं ते मशीन कधी विकत घेतलंच नव्हतं. बँकेनं दुकानदाराला पैसे दिले, मशीन थेट घरी आलं, आणि वर जे उकळलं ते सरळ सरळ व्याज! नाव तेवढं नफा. अशी कितीतरी घरं तिनं पालथी घातली. चौथं प्रकरण ते हेच.

आणि हे व्यवहार धर्माला धरून आहेत असा दाखला देणाऱ्या, त्याच बँकेच्या सल्लागार मंडळावर कोण? मोठे सर! मानधन घेऊन. केंद्रात सगळ्यांना ठाऊक, पण सगळे मूग गिळून. मी कुलगुरूंकडे गेले, म्हटलं, यांना परीक्षेचे अध्यक्ष करू नका. ते म्हणाले, "बघू." त्यांनी काही बघितलं नाही.

चिमणीची एका कॉलेजात नोकरी ठरली होती, पण पदवी मिळाली तरच. महिना संपायच्या आत.

परीक्षेला अम्मी मागच्या रांगेत येऊन बसली होती. चौथं प्रकरण निघालं आणि सर गोड हसले. "बेटा, तू अजून लहान आहेस. व्यवहाराला मंजुरी देताना आम्ही सगळं तपासलंय."

बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला. "आम्ही म्हणजे कोण?"

"आमचं मंडळ. बँकेचं," सर बोलून गेले. मोठेपणाच्या सवयीत भान राहिलं नाही.

"तुम्ही त्या बँकेत आहात? आणि इथे अध्यक्षही?"

"आपण जरा चहा घेऊ या," सर म्हणाले.

परीक्षकांना तिथेच बसवून सरांनी चिमणीला आणि मला आपल्या खोलीत बोलावलं. अम्मीही आली मागोमाग. दार लोटून सर म्हणाले, "हे बघ, ते प्रकरण काढून टाक. पाहुण्यांची समजूत मी घालतो, आज सही होईल. नाहीतर नवी समिती, नवी तारीख. कॉलेज थांबेल का तोवर? तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"मार्गदर्शकानं बोलायचं नसतं."

"परीक्षा तिकडे आहे! इथे तुम्ही बाजार मांडलाय!"

अम्मीनं चिमणीची बाही ओढली. "माझ्या मशीनचं काढून टाक म्हणतायत का गं?"

"हो, अम्मी."

"म्हणजे मी इतके दिवस व्याज भरत होते, हे कुणाला कळायचंच नाही?"

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही. "सर, जे ताब्यात नाही ते विकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? पदवी विद्यापीठाची आहे. ती तुमच्या ताब्यात कधी आली?"

सर चहाचा कप तसाच टाकून तरातरा परीक्षेच्या खोलीत परत गेले.

परीक्षकांनी त्यांच्याशेजारी बसायला साफ नकार दिला. परीक्षा रद्द झाली. नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली, नव्या समितीची फाइल अजून टेबलाटेबलावरून फिरतेय, आणि चिमणी शिकवण्या घेतेय. अम्मीनं त्या मशीनवर चादर टाकून ठेवलीय, हात लावत नाही. संतापानं झोप उडते माझी.

मोठे सर मात्र अजून तोच वर्ग घेतात, मूठही तश्शीच आपटतात. फक्त हल्ली मागच्या बाकावर मी जाऊन बसते. त्यांनी मूठ आपटली की हात वर करते, आणि सगळ्या वर्गासमोर विचारते, "सर, शिलाई मशीनचं काय झालं?"